तात्यांची मऊ गाडी

माझ्या रविवारच्या वर्गाला येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतो, "सर, कितीनं वाढेल?" जोर असो, वेग असो, नुसता आवाज असो, वाढलं पाहिजे. बारामतीच्या एमआयडीसीत माझं लहानसं गॅरेज आहे. टर्बोच्या गाड्यांचं ट्युनिंग हा माझा धंदा, आणि रविवारी सकाळी मी नवशिक्यांना त्यातली बाराखडी शिकवतो. इतक्या वर्षांत "कमी होईल का?" असं विचारणारा माणूस मला एकच भेटला. जळोचीचे दत्तात्रय गावडे. सगळे त्यांना तात्या म्हणत.

ते आले तेव्हा वर्ग सुरू झाला होता. पांढरी टोपी, इस्त्रीचा लांब बाह्यांचा सदरा आणि खांद्याला नातवाचं शाळेचं दप्तर, त्यात लॅपटॉप. मला वाटलं, कुणातरी मुलाचे वडील असतील, त्याला शोधत आले असतील. पण ते बाकाच्या टोकाला पोरांना खेटून बसले, दप्तर मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले.

मी टर्बो समजावत होतो. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त गेली की इंधन जास्त देता येतं, आणि जोर वाढतो. पाय दाबल्यापासून ही चाकं नीट फिरायला लागेपर्यंत जो उशीर होतो त्याला लॅग म्हणतात. आधी काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं.

मिटल्या डोळ्यांनी तात्या हसले. मी थांबलो.

"काही चुकलं का, तात्या?"

"न्हाय, सर. वळखीचं निघालं म्हणून हसलो."

तात्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या पॉवरहाऊसमध्ये, वाफेच्या टर्बाइनवर गेली होती. टर्बाइनबद्दल ते झोपलेल्या मोठ्या जनावराबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलत. "त्याला एकदम उठवायचं नसतं. आदी जरा जरा वाफ द्यायची. अंग गरम हू द्यायचं. घाई केली तर दांडा वाकतो." हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला, की वाफ बंद करायची. पण एवढं मोठं चाक लगेच थांबत नाही. ते कितीतरी वेळ आपलं आपण फिरत राहतं, आवाज बारीक होत जातो. तात्या टर्बाइनच्या गरम लोखंडी आवरणावर फडकं ठेवून वर तळहात टेकवून उभे राहायचे. शेवटचा फेरा झाला की मग घरी. "फिरता फिरता निजतं ते," असं म्हणाले की ते स्वतःही डोळे मिटून घेत. कुणी हाक मारली तर दूर कुठून तरी परत आल्यासारखे बघत.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "सर, मी टर्बोची बारकी गाडी घेतलीया. चांगली हाय. पण जोर येताना धक्का देती. त्यो धक्का कमी हुईल का?"

माळेगावचा रणजित जोरात हसला. त्याची गाडी म्हणजे नुसता गडगडाट. "आवं तात्या, त्या धक्क्यासाठीच तर लोकं टर्बो घेत्यात!"

तात्याही हसले. "घेत असत्याल की. पर आमच्या मंडळीला त्या धक्क्यानं वकारी येती."

वर्ग हसला. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही.

मंडळी म्हणजे हिराकाकू. त्यांना लग्नाआधीपासून गाडी लागायची. एसटी, जीप, टमटम, काहीही असो, गावाची वेस ओलांडली की पदर नाकाला. त्यांचं माहेर इंदापूर तालुक्यातलं वरकुटे. फार लांब नाही, पण काकूंना ते समुद्रापलीकडे असल्यासारखं होतं. आई गेली तेव्हा निरोप आल्याबरोबर काकू जीपमधून निघाल्या आणि पोचल्या त्या अंगणातच आडव्या झाल्या. मान वर करता येईना. बायकांनी त्यांना उचलून पडवीत निजवलं, लिंबू हुंगायला दिलं. शुद्धीवर आल्या तोवर सगळं आटोपलं होतं.

"रडायचंच राह्यलं तिचं," तात्या मला सांगत होते. वर्ग सुटला होता, पोरं बाहेर चहाला गेली होती. "तवापास्नं माहेरचं नाव काढीत न्हाय. आता तितं थोरली बहीण हाय, आक्का. तिच्यानं घराबाहेर पडवत न्हाय. दोघी फोनवर बोलत्यात. पर फोनवर किती बोलणार? गप बसून न्हाय ना ऱ्हाता येत."

हे शेवटचं वाक्य मला त्यांच्या तोंडून पुढेही बरेचदा ऐकायला मिळालं. दोन माणसांना एकमेकांजवळ गप्प बसता आलं पाहिजे, हे त्यांचं माणसांबद्दलचं मुख्य मत होतं.

तात्या शिकायला लागले. मुलं व्हिडिओ बघून आधीच निम्मं शिकून आलेली असत आणि त्यातलं निम्मं चुकीचं असे. तात्या कोरे होते. ईसीयू म्हणजे गाडीचा छोटा संगणक, त्यात आकड्यांचे तक्ते असतात, त्याला मॅप म्हणायचं. आडव्या रांगेत इंजिनाचे फेरे, उभ्या रांगेत त्याच्यावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. तेवढ्या फेऱ्यांना, तेवढ्या भाराला किती इंधन द्यायचं किंवा ठिणगी कधी पाडायची, ते त्यात लिहिलेलं. पडद्यावर पहिल्यांदा मॅप उघडला तेव्हा तात्या चष्मा वर करून पाहत राहिले.

"ह्ये तर वाफे पाडल्यागत हाय," ते म्हणाले. "कुठल्या वाफ्याला किती पानी, एवढंच बघायचं."

मी एरवी हे समजावण्यात सबंध सकाळ घालवतो.

पहिला नियम मी सगळ्यांना सांगतो. कशालाही हात लावण्याआधी गाडीची मूळ फाईल उतरवून जपून ठेवायची. पोरं मान डोलावतात आणि विसरतात. तात्यांनी ती फाईल लॅपटॉपमध्ये ठेवली, पेन ड्राइव्हवर ठेवली, मुलाच्या संगणकात ठेवली आणि मला म्हणाले, "तुमच्याकडंबी एक ऱ्हाऊ द्या. परतीची वाट इसरता कामा न्हाय."

एका सकाळी आम्ही काकूंना घेऊन मोजणीला निघालो. लॅपटॉप गाडीला जोडला की ती क्षणाक्षणाला काय करते याचा आलेख निघतो. तो बघत मी मागे, तात्या चालवत, काकू पुढे शेजारी. काकू ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, मुठीत ओव्याची पुरचुंडी. निघताना त्या माझ्याशी भरपूर बोलत होत्या. गॅरेजमध्ये एवढा कचरा का, माझं लग्न कधी, सगळं विचारून झालं. कॅनॉलच्या कडेच्या रस्त्याला लागलो, तात्यांनी पाय दाबला आणि काकू गप्प झाल्या. थोड्या वेळाने पदर नाकाशी गेला. मग काच खाली आली.

मी आलेख मागे सरकवून पाहिला. टर्बोचा दाब जिथे भिंतीसारखा सरळ वर चढला होता, त्याच जागी काकूंचं बोलणं तुटलं होतं.

"थांबवा जरा," काकू म्हणाल्या. गाडी थांबली. त्या उतरून बाभळीखाली उभ्या राहिल्या. मग तिथूनच मला म्हणाल्या, "आवं सर, ह्यांनी ह्या गाडीपायी लय डोकं लावलंय. तुमी सांगा की त्यांना, हिराला असंच ऱ्हाऊ द्या म्हणून."

तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. त्यांना ते ऐकू आलं नसावं, किंवा आलं असावं.

पुढचे काही आठवडे ते घरीच प्रयोग करत राहिले. एक दिवस फोन आला. आवाज बदललेला. मी जळोचीला गेलो तर गाडी दारात उभी, तात्या ओट्यावर टोपी काढून बसलेले. धक्का घालवायचा म्हणून त्यांनी सगळीकडून जोरच कमी करून टाकला होता. काकूंना घेऊन निघाले, गल्लीत गाडी लोण्यासारखी. मोठ्या रस्त्याला लागताना मागून ट्रक आला. तात्यांनी पाय दाबला आणि गाडी पुढे जाईचना. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला, ब्रेक मारले, अगदी जवळून गेला.

"तिनं माझा दंड धरला हुता," तात्या म्हणाले. "वकारीबिकारी इसरली. नुसता धरून बसली हुती."

आतून काकूंनी चहा आणला. कप ठेवताना त्यांनी तात्यांची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि आत गेल्या.

मी त्यांना म्हणालो, "तात्या, जोर काढून घ्यायचा नाही. पसरायचा. आता एकाच जागी ढीग पडतोय, तो रस्ताभर सारखा करायचा." मग आम्ही तिथेच ओट्यावर बसलो. टर्बोला थोडं लवकर पण सावकाश उठवायचं. जास्तीचा धूर बाजूने सोडणारी जी छोटी झडप असते तिचं उघडणं-मिटणं जरा आधीपासून सुरू करायचं. पायाखालच्या पेडलला पहिल्या इंचात उतावीळ होऊ द्यायचं नाही. तात्या ऐकत होते, आकडा बदलत होते, थांबत होते, पुन्हा बदलत होते. दुपार कलली. समोरच्या मेथीच्या वाफ्यात पाणी सोडलं होतं, ते एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना दिसत होतं. मधेच तात्या म्हणाले, "आता ती उठंल हळूच," आणि मला कळेना की ते गाडीबद्दल बोलतायत की टर्बाइनबद्दल की आणखी कुणाबद्दल.

त्याच दिवसांत रणजितचं इंजिन गेलं. मी नको म्हणत असताना त्याने दुसरीकडून दाब वाढवून घेतला होता. इंधन अवेळी पेटायला लागलं, टकटक ऐकू येऊनही तो चालवत राहिला आणि एक पिस्टन कडेने वितळला. इंजिन खोललं तेव्हा तो माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात टायरवर बसून होता. तात्या आले, तो पिस्टन हातात घेतला, वितळलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता ते दोन शब्द सुनावतील. त्यांनी पिस्टन जपून फडक्यावर ठेवला आणि रणजितशेजारी दुसऱ्या टायरवर जाऊन बसले. दोघे बराच वेळ तसेच होते. मग रणजितच म्हणाला, "तात्या, मला टकटक ऐकू येत हुती."

"येती," तात्या म्हणाले. "पर थांबावं वाटत न्हाय."

त्यानंतर रणजित त्यांच्या गाडीच्या मोजणीला आपण होऊन यायला लागला. आलेख बघून ओरडायचा, "तात्या, आता टेकडी झाली बगा! भिंत गेली!"

थंडीच्या दिवसांत एका सकाळी आम्ही वरकुट्याला निघालो. तात्यांनी मला आग्रहाने मागच्या सीटवर बसवलं होतं, काही बिघडलं तर जवळ असावं म्हणून. काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं, मांडीवर आक्कांसाठी केलेल्या लाडवांचा डबा, मुठीत ओवा. चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. जळोची मागे पडली. उसाला तुरे आले होते, दोन्ही बाजूंनी ते रुपेरी तुरे हलत होते, वर धुक्याचा पातळ पडदा. गाडी चालली आहे की शेतंच मागे सरकतायत असं वाटत होतं. काकू बोलत होत्या. मग बोलणं कमी झालं आणि तात्यांची बोटं स्टिअरिंगवर आवळली. मी लॅपटॉपकडे बघितलं. सगळं ठीक होतं. काकूंच्या हातातली पुरचुंडी सुटून पायाशी पडली.

काकू झोपल्या होत्या. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं.

तात्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. आयुष्यात एवढं घाबरलेलं आणि एवढं सुखावलेलं तोंड मी एकत्र पाहिलं नव्हतं. निमगाव केतकीचे पानमळे गेले. वरकुट्याचा फाटा आला. मी मागून हळूच म्हणालो, "तात्या, फाटा."

त्यांनी मान हलवली आणि गाडी सरळ पुढे जाऊ दिली.

आम्ही इंदापूर ओलांडलं. पुढे उजनीचं पाणी दिसायला लागलं, एवढं पसरलेलं की पलीकडचा काठ आकाशात मिसळलेला. काठाच्या उथळ पाण्यात पक्षी उभे होते, हलत नव्हते. तात्यांनी गाडी कुठेच थांबवली नाही. इंजिन बंद झालं तर ती जागी होईल, असं त्यांना वाटत असावं. पाण्याच्या कडेने हळूहळू जाऊन, रुंद रस्ता बघून त्यांनी गाडी वळवली, तीही अशी की लाडवांचा डबा जागचा हलला नाही. इंजिनाचा आवाज एकसारखा, दूरच्या पंख्यासारखा. मला स्वतःला झापड येत होती. मध्येच वाटलं, आपण तिघे असेच फिरत राहणार, आणि त्यात काही वाईट नाही.

परतीला फाट्यावर वळताना काकू जाग्या झाल्या.

"आलं व्हय वरकुटं?"

"आलं," तात्या म्हणाले.

"एवढ्यात?"

तात्यांनी गाडी अंगणाच्या कडेला लावली.

आक्का दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. वाट बघून बघून घरच्यांना शिव्या देत होत्या, म्हणे कुणी फोन लावत नाही. काकू आपल्या पायांनी गाडीतून उतरल्या, अंगण चालून गेल्या, आक्कांच्या पायाशी बसल्या. दोघी काहीच बोलल्या नाहीत. मग काकूंनी मान वर करून पडवीकडे बघितलं, जिथे त्यांना त्या दिवशी निजवलं होतं, आणि त्यांना रडू फुटलं. आक्कांनी लाडवांचा डबा बाजूला ठेवला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तात्या तिकडे पाठ करून गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. आत बघण्यासारखं काही नव्हतं. मीही त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात तात्यांना हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. मी भेटायला गेलो तेव्हा ते कॉटवर बसून खिडकीतून गाडीकडे बघत होते. मला म्हणाले, "सर, मंडळीला शिकवा."

"काय?"

"गाडी. वरकुट्याला कोण न्हेणार तिला?"

काकू दारातून म्हणाल्या, "ह्यांचं डोकं फिरलंय."

तरी त्या शिकल्या. पहिल्यांदा रणजितने मोकळ्या माळावर शिकवलं, तोच रणजित. गंमत अशी की स्वतः चालवताना काकूंना अजिबात मळमळलं नाही. चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, हे मला माहीत होतं, पण काकूंच्या हाती स्टिअरिंग द्यावं असं आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नव्हतं. हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की काकू धावत आल्या आणि त्यांची छाती चोळायला लागल्या.

"म्हंजे आपुन येडेच," ते म्हणाले. "येवढे आकडे बदलत बसलो!"

काकूंना ते पटलं नाही. "येडं कशाला? गाडी मऊ हाय म्हणून हात लावला मी. पयल्या झटक्यालाच उतरून घरी आले असते."

तात्या उन्हाळ्यात गेले. काकू अजूनही गाडी सर्व्हिसला माझ्याकडे आणतात आणि गॅरेजमधल्या कचऱ्याबद्दल बोलतात. मॅपला मी हात लावलेला नाही.

तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याआधी, थंडी सरताना, इंदापूरच्या रस्त्यावर. एका गिऱ्हाइकाची गाडी तपासायला मी कडेला थांबलो होतो. समोरून ती गाडी आली. काकू पदर खोचून, पाठ ताठ, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, नजर रस्त्यावरून न ढळू देता चालवत होत्या. मी हात केला. त्यांना दिसला नाही. शेजारी तात्या बसले होते. टोपी मांडीवर, डोळे मिटलेले, उजवा तळहात समोरच्या डॅशबोर्डवर सपाट टेकलेला. मला वाटलं झोपलेत. मग पुढे वळण होतं, तिथे काकूंनी गियर बदलला, गाडीने किंचितही न हिसकता वेग घेतला, आणि मिटल्या डोळ्यांनीच तात्यांनी मान डोलावली.